ढोल, मराठी आणि आजीची मावची

आजचा विषय आहे मंडळीत आणि घरात येणारा बदल.

पवित्र शास्त्र जवळ असेल तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ काढा. पहिली सात वचनं.

यरुशलेमेची मंडळी वाढत होती आणि त्यातच कुरकुर सुरू झाली. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय, अशी तक्रार होती. म्हणजे बघा, वाद ताटातल्या अन्नाचा, पण गट पडले होते भाषेवरून. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. सगळ्यांना बोलावलं आणि सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प पासून निकलावपर्यंत सातही नावं ग्रीक आहेत! ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हातात वाटप गेलं. आणि सातवं वचन काय सांगतं? शिष्यांची संख्या वाढत गेली.

आता आपल्याकडे या. आमचं गाव नवापूर तालुक्यात. घरात, शेतात, बाजारात आम्ही मावची बोलतो, आणि रविवारी मंडळीत सगळं मराठीत. गीतं मराठी, संदेश मराठी, प्रार्थना मराठी. माझी आजी पहिल्या बाकावर बसते. तिला संदेश अर्धाच कळतो, तरी तिचा एक रविवार चुकत नाही.

तरुण संघाने विचारलं, महिन्यातून एक उपासना मावचीत घेऊ या का? ढोलावर मावची गीतं म्हणू या का? पंचांची बैठक झाली. पप्पा पंचांपैकी एक, आणि सगळ्यात मोठा विरोध त्यांचाच. घरीही दोन महिने तोच विषय. मी पुण्याहून फोन केला की आई म्हणायची, "आज तरी मंडळीचं काढू नको."

पप्पांचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं आहे. ते म्हणाले, "मी वाचायला शिकलो ते मराठी शास्त्रावर. कचेरीत साहेबासमोर उभं राहून बोलायला लागलो ते या भाषेमुळे. आता तुम्ही म्हणता ती परकी?" आणि ढोल त्यांच्यासाठी जुन्या पूजाविधीचा, आजोबांनी मागे ठेवलेल्या आयुष्याचा. बदलाला विरोध करणारा माणूस दरवेळी हट्टीच असतो असं नाही. कधी तो देवाने त्याला दिलेली एखादी गोष्ट जपत असतो.

आमच्या कामात एक नियम आहे. ॲपची नवी आवृत्ती आणा, पण गावाकडच्या जुन्या फोनवर ते बंद पडता कामा नये. मंडळीतही जुन्या विश्वासूंना बाहेर बसवून नवं सुरू करता येत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण घ्या. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या मंडळ्यांत तेव्हा बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरं आणि विलायती चाली होत्या. टिळकांनी भजनं लिहिली, कीर्तनं केली. आज आपण ज्याला जुनं, पवित्र म्हणतो, ते एके काळी नवंच होतं! आणि त्यांच्या घरात? लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळं लगेच सुटलं नाही. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. मधली पाच वर्षं विसरू नका. विश्वासातला बदल दुसऱ्याच्या गळी उतरवता येत नाही. तो त्याच्या पायांनी चालत यावा लागतो, आणि आपण वाट बघायची असते.

आमच्या मंडळीने शेवटी लहान पाऊल उचललं. मराठी उपासना तशीच ठेवली. महिन्यातून एका रविवारी शास्त्रपाठ आधी मराठीत, मग मावचीत, आणि दोन गीतं मावची. पाळकसाहेबांनी पाठ वाचायचं काम पप्पांनाच दिलं. पप्पांनी मराठीत वाचलं, पुस्तक मिटलं आणि तीच गोष्ट मावचीत सांगितली, हरवलेल्या मेंढराची. आजी मधेच मोठ्याने विचारती झाली, "मग सापडलं का?" सगळी मंडळी हसली. पप्पांनी तिथेच थांबून तिला उत्तर दिलं.

ढोल पप्पांना अजून आवडत नाही. पहिल्या गीताला ते गप्प बसतात, आणि तरुण संघ ढोल जरा हळू वाजवतो. चालतंय.

म्हणून या आठवड्यात एक करा. तुमच्या मंडळीत, तुमच्या घरात कुणाला अर्धंच कळतं, अर्धंच मिळतं, ते पाहा. नवी सून असेल, म्हातारी आजी असेल, ऊसतोडीवरून परतलेलं कुटुंब असेल. त्यांना विचारा. आणि जो बदलाला नाही म्हणतो, त्याच्याही शेजारी बसून विचारा, तुम्ही काय जपताय?

प्रभू तुम्हाला त्यासाठी धीर देवो. आमेन. पुढच्या भागात भेटू.