घोडीचा माज आणि माझी एक चूक

 

सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी घेतलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "साहेब, तीनदा घोडा दाखवला, घोडी गाभण राहत नाही. दोष घोड्याचा की घोडीचा?" मी विचारलं, महिना कोणता? म्हणाले, फेब्रुवारी. मग दोष दोघांचाही नसेल.

घोडी दिवसाच्या उजेडावर चालते. हिवाळ्यात दिवस लहान झाला की उत्तरेकडच्या बहुतेक घोड्यांचे बीजकोश झोपी जातात. दिवस वाढू लागला की जागे होतात, पण एकदम नाही. मधल्या काळात घोडी दहा-पंधरा दिवस माज दाखवते, शेपूट उचलते, घोड्याला उभी राहते, आणि बीज सुटतच नाही. माणूस घोडा लावून थकतो. शर्यतीच्या घोड्यांचं वय १ जानेवारीपासून मोजतात, म्हणून त्यांचे मालक शिंगरू लवकर मिळावं यासाठी डिसेंबरपासून तबेल्यात दिवे लावून १६ तासांचा 'दिवस' करतात. तुम्हाला ती घाई नसेल तर एप्रिलपर्यंत थांबा.

चक्र बसलं की हिशेब सोपा आहे. एका माजापासून दुसऱ्यापर्यंत साधारण २१ दिवस. गाय पाळणारा इथेच फसतो. गायीचा माज एका दिवसात उरकतो, घोडीचा पाच ते सात दिवस चालतो, आणि बीज सुटतं ते माज संपायच्या आधीच्या एक-दोन दिवसांत. सुटलेलं बीज अर्धा दिवसही टिकणं कठीण. म्हणजे पहिल्या दिवशी घोडा दाखवून घरी गेलात तर ती नुसती भेट झाली. तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड दाखवा, घोडी लाथ झाडेपर्यंत. सोनोग्राफी मिळत असेल तर उत्तमच.

आता माझी चूक. मी नवा कॅप्टन होतो, उत्तरेतल्या एका स्टडवर. सोनोग्राफी नव्हती. हात घालून तपासायचं, बोटांनी ओळखायचं. एक घोडी चाळिसाव्या दिवशी तपासली, गर्भाशयाच्या एका शिंगात फुगवटा लागला, 'गाभण' लिहून मोकळा झालो. दुसरं शिंग नीट चाचपलंच नाही. आठव्या महिन्यात म्हाताऱ्या सईसाने येऊन सांगितलं, "साहब, कास भर गई है।" मी म्हटलं, दिवस भरायला अजून तीन महिने आहेत. त्याने काही उत्तर दिलं नाही, पण त्या रात्रीपासून तो तिच्या ठाणाशीच झोपू लागला. चौथ्या रात्री तिने जुळी टाकली. दोन्ही मेलेली, एक मांजराएवढं.

घोडीला जुळं झेपत नाही. तिची वार गर्भाशयाच्या सगळ्या अस्तराला चिकटून पोषण घेते. दोन वाटेकरी आले की दोघंही उपाशी. अवेळी कासेत दूध उतरणं ही बहुधा त्याचीच खूण. सईसाला ती ठाऊक होती, मला पुस्तकात वाचूनही आठवली नाही. आज १४व्या ते १६व्या दिवशी सोनोग्राफी करून दोन गर्भ दिसले तर डॉक्टर एक चिरडून टाकतात. ऐकायला क्रूर वाटतं. मी ती दोन शिंगरं पाहिली आहेत, मला वाटत नाही.

सुरळीत गेलं तर ११ महिने, सुमारे ३४० दिवस. तारखेवर विसंबू नका. दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होतात. सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब दिसले की रात्री जागा. घोड्या बहुधा रात्रीच वितात, माणूस चहाला गेला की हमखास.

पाणमोट फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. तासाभरात उभं राहावं, दोन तासांत प्यावं, कारण रोगाशी लढायची ताकद त्याला आईच्या चिकातूनच मिळते. आणि तीन तासांत वार पडावी. नाही पडली तर ओढू नका, सकाळचीही वाट पाहू नका. डॉक्टरला उठवा. तो चिडेल. मीही चिडायचो, पण बूट चढवून निघायचो.