यकृताचें मौन

नाशिक क्षेत्रीं रामकुंडावर श्राद्धादि विधींसाठीं येणाऱ्या यात्रेकरूंचें क्षौर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. तोच वस्तरा एका डोक्यावरून दुसऱ्यावर फिरला, तर डोळ्यांस न दिसणारा रक्ताचा अंशही त्याबरोबर जाऊं शकतो. आणि त्यांत हिपॅटायटिस ‘बी’ वा ‘सी’ या काविळींचा विषाणु असूं शकतो.

हा विषाणु यकृताच्या पेशींत शिरतो व तिच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती करवून घेतो. नवल असें कीं, पेशीचा घात बहुतांशीं तो स्वतः करीत नाहीं. शरीराचे रक्षकच घरांत शिरलेल्या चोरास मारण्यासाठीं तें घर जाळतात. जळाल्या जागीं नवी पेशी निर्माण करण्याची देणगी यकृतास आहे. परंतु ही जाळपोळ वीस-तीस वर्षें चालली म्हणजे तेथें वण सांचतात, यकृत आखडून कठीण होतें, आणि कित्येकांस पुढें कर्करोगही होतो. तोंवर रोग्यास बहुधा कांहींच जाणवत नाहीं.

नट अमिताभ बच्चन यांस १९८२ सालीं झालेल्या अपघातानंतर दिलेल्या रक्तांतून ‘बी’ची बाधा झाली. ती कळली कित्येक वर्षांनीं, एका नित्याच्या तपासणींत. यकृताचा तीन-चतुर्थांश भाग निकामी झाल्याचें पुढें त्यांनींच जाहीरपणें सांगितलें.

उपचारांची कथा मात्र दोन्ही रोगांत निराळी आहे. ‘सी’चा शोध १९८९ सालीं लागला, आज बहुधा बारा आठवडे गोळ्या घेतल्या असतां शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रोगी विषाणुमुक्त होतात, आणि वणही कांहीं अंशीं विरतात. ‘बी’वर टेनोफोव्हिरसारखें औषध प्रती काढण्याचें काम रोखतें, दाह शमतो, परंतु पेशीच्या केंद्रांत विषाणूचें बीज दडून राहतें. बरें वाटतें म्हणून औषध मध्येंच सोडलें, तर तें बीज जागें होतें आणि प्रसंगीं प्राणांवर बेततें. म्हणून वैद्याच्या सल्ल्यावांचून एक दिवसही खंड पडूं देऊं नये.

२८ जुलै २०१८ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत याची तपासणी व औषधें मोफत मिळतात. ‘बी’वर लस आहे, ती बालकास जन्मानंतर चोवीस तासांच्या आंत द्यावी. ‘सी’वर लस नाहीं, तेथें सावधगिरी हीच लस. तेव्हां रामकुंडावर असो वा गल्लींतील केशकर्तनालयांत, वस्तऱ्याला नवें पातें लावण्यास सांगणें हा उद्धटपणा नव्हे. यकृत बोलत नाहीं; त्याच्या वतीनें माणसानेंच बोललें पाहिजे.