आवाजाची गोधडी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, झोपेवर आणि आवाजावर बोलतो. दोघं-तिघं हसले. पण आपल्या वस्तीत झोप हा हसण्याचा विषय नाही. मी सूतगिरणीत साचाखात्यात आहे, ठरलेल्या आठवड्यात रातपाळी असते. सकाळी आठ वाजता अंथरुणाला पाठ टेकावी, तर वस्ती नुकतीच जागी झालेली. नळावर भांडी, शेजारचा टीव्ही, भंगारवाल्याची हाक. ज्या पोराची परीक्षा असते त्याची अडचण रात्रीची. दहा बाय बाराच्या खोलीत एका कोपऱ्यात मालिका, दुसऱ्यात कुकर, तिसऱ्यात आजोबांचा खोकला आणि चौथ्यात भूमितीचं पुस्तक. दार लावून शांत खोलीत अभ्यासाला बसा, असं मार्गदर्शन करणारे सांगतात. आपल्याकडं दार एकच, तेही रस्त्यावर उघडणारं. बंधूंनो, शांतता ही सुद्धा मालमत्ता आहे. ज्याच्याकडे जागा, त्याच्याकडे शांतता.

मग ज्याच्याकडे जागा नाही त्याने काय करायचं? आवाज थांबवता येत नसेल तर आवाजावर आवाज पांघरायचा. हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून जरा समजावून सांगतो.

झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. मेंदू पहारेकऱ्यासारखा ऐकत राहतो. तो दचकतो ते बहुतेक वेळा नुसत्या आवाजाने नव्हे, तर अचानक झालेल्या फरकाने. समजा खोलीत ३० डेसिबलची शांतता आहे आणि बाहेर ताट पडलं, ६० डेसिबल. उडी ३० ची झाली. तेच खोलीत पंखा ४५ वर एकसुरी चालू असेल तर उडी १५ ची. ताट तेवढ्याच जोरात पडलं, पण माणूस कूस बदलून झोपला. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की शेजारचं भांडण ऐकू येईनासं होतं, हा अनुभव सगळ्यांचा आहे. आपल्या आया-आज्या पहाटे जात्यावर बसायच्या तेव्हा मांडीवरचं पोर त्या घरघरीतच झोपायचं. यात नवीन काही नाही, नवीन आहे ती यंत्रं.

१९६२ साली अमेरिकेत ‘स्लीप-मेट’ नावाचं यंत्र निघालं. एका डब्यात छोटा पंखा, एवढंच त्याचं बिंग. पुढे १९६९ साली अर्व्ह टीबेल नावाच्या माणसाने समुद्राच्या लाटांचं ध्वनिमुद्रण संगणकावर घालून त्याची तबकडी काढली आणि लोकांनी ती गाण्यासारखी विकत घेतली. आता मोबाईलमध्ये असे ॲप आहेत की पाऊस, ओढा, पंखा, आगगाडी हे सगळे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करून एकावर एक ठेवता येतात. आपल्याकडे जुन्या लुगड्यांचे थर शिवून गोधडी करतात, तसा हा प्रकार. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांनी जुना ट्रान्झिस्टर दोन केंद्रांच्या मधे लावावा. ती जी खरखर येते, ती इंग्रजीत ‘व्हाइट नॉइज’ म्हणतात त्याच जातीची. बारीक-जाड सगळ्या सुरांची ताकद त्यात सारखी असते, म्हणून ती कानाला तिखट लागते. ‘पिंक’मध्ये वरचे सूर कमी करतात, तो पावसाच्या जवळचा. ‘ब्राऊन’मध्ये आणखी कमी, तो लांबच्या धबधब्यासारखा. हा ब्राऊन म्हणजे तपकिरी रंग नव्हे बरं का. रॉबर्ट ब्राऊन नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८२७ साली पाण्यातल्या बारीक कणांची धावपळ पाहिली होती, त्याचं नाव या आवाजाला लागलं.

आता गोधडी कशी घालायची? खाली जाड थर, म्हणजे पंख्याचा किंवा ब्राऊनचा. घुमणारा आवाज बारीक आवाजाला जसा झाकतो, तसा बारीक आवाज घुमणाऱ्याला झाकत नाही. त्याच्यावर पावसाचा पातळ थर. झोपेसाठी एवढे दोन पुरे. पोरं हौसेने विजांचा कडकडाट, कोकीळ, घंटा असं सगळं घालतात. ते ऐकायला छान, झोपायला वाईट, कारण प्रत्येक कडकडाट म्हणजे पुन्हा एक उडी. आणि सारख्याच जोराचे दोन आवाज एकावर एक ठेवले की एकूण ३ डेसिबल वाढतात, म्हणून थर वाढवला की प्रत्येक थर थोडा खाली घ्यायचा. मोबाईल उशाशी ठेवू नका, ज्या बाजूने गोंगाट येतो त्या खिडकीजवळ ठेवा. शेजारचं बोलणं बुडून जाईल इतका मोठा आवाज लावायचा नाही, त्यातले शब्द पुसट होतील इतकाच. दारावरची थाप आणि लेकराचं रडणं ऐकू आलंच पाहिजे. फुकटचे व्हिडिओ लावणाऱ्यांनी लक्षात ठेवा, मधेच साबणाची जाहिरात ओरडते आणि घर जागं होतं. आवाज आधी मोबाईलमध्ये उतरवून घ्यावा.

या सगळ्याला शास्त्राचा शंभर टक्के पाठिंबा आहे, असं मी म्हणणार नाही. २०२१ साली संशोधकांनी अशा आवाजावर झालेले ३८ अभ्यास एकत्र तपासले. काहींना झोप चांगली लागली, काहींची बिघडली, आणि एकूण पुरावा कच्चा आहे असा त्यांनी निष्कर्ष काढला. म्हणजे आठ दिवस करून बघावं, गुण नाही आला तर सोडून द्यावं. जाहिरातवाला ‘गाढ झोपेची हमी’ म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका.

आता माझ्या खात्यातली गोष्ट. धोट्याचे माग चालतात त्या शेडमध्ये आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. इंग्लंडमधल्या लँकशायरच्या बायका मागांच्या गोंगाटात ओठांवरून बोलणं ओळखायच्या, आपले विणकर हातवारे करतात. कारखान्यांच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली गेली, तरी कानात बोळे न घालता पाळ्या काढलेले आपल्यात किती आहेत, हात वर करा बरं. (बरेच हात वर झाले.) हेच लोक निवृत्तीनंतर म्हणतात, रात्री सगळं शांत झालं की कानात शिट्टी वाजते. ती भुताटकी नाही. कानातल्या बारीक पेशी गेल्यावर असं होतं, आणि गेलेल्या पेशी परत येत नाहीत. अशा माणसाला ठार शांतता छळते. पंख्याचा किंवा पावसाचा हलका आवाज चालू ठेवला तर शिट्टी मागे पडते. पण एकाच कानात शिट्टी असेल, किंवा ऐकूच कमी येत असेल, तर आधी कानाच्या डॉक्टरकडे जावं.

आणि जे गिरणीने आमच्या कानाचं केलं ते पोरांनी हाताने करून घेऊ नये. बाहेर गोंगाट म्हणून इअरफोन पूर्ण मोठा करायचा आणि त्यातच झोपायचं, हे बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही हद्द सांगितली आहे. त्याच्या वर गेलात की तास झपाट्याने कमी होतात. तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर फार जपा. २०१४ साली बाळांना झोपवणारी १४ यंत्रं तपासली, तेव्हा पूर्ण आवाजावर तीन यंत्रं ३० सेंटिमीटरवर ८५ डेसिबलच्या वर गेली. पाळण्यात मोबाईल ठेवणाऱ्या ताईंनी तो किमान दोन मीटर लांब आणि अगदी हळू ठेवावा, बाळ झोपलं की बंद करावा.

विद्यार्थ्यांनो, अभ्यासाचा हिशेब थोडा वेगळा. वाचताना सर्वात जास्त त्रास बोलण्याचा होतो, कारण कानावर शब्द पडला की मेंदू त्याच्यामागे जातो. म्हणून गाणी लावून पाठांतर होत नाही, मग ती भीमगीतं का असेनात. शब्द नसलेला आवाज लावा. काही मुलांचं त्याने लक्ष लागतं, काहींचं उलट उडतं. आपण कोणत्या जातीचे ते स्वतः तपासायचं (ही एक जात तपासली तर चालते).

परळच्या चाळीतल्या एका खोलीत बाबासाहेब शिकले. घर माणसांनी भरलेलं. मोबाईल नव्हता, पंखा नव्हता. वडिलांनी काय केलं? पोराला लवकर झोपवायचं, स्वतः जागायचं आणि रात्री दोनला त्याला उठवायचं. शांत जागा मिळत नाही तर शांत वेळ शोधली. त्यासाठी एका बापाने आपली झोप दिली, हे विसरू नका.

आता कडू बोलतो. ‘कंटक सुत्ता’त आवाज हा पहिल्या ध्यानाचा काटा सांगितला आहे, आणि हा काटा कधी कधी आपणच पेरतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. आपला डॉल्बी कितीवर असतो? दुसऱ्यांच्या उत्सवातल्या भोंग्यांवर आपण निवेदन देतो, ते योग्यच आहे. पण जयंतीच्या रात्री रातपाळीहून आलेला आपलाच भाऊ उशी कानावर दाबून पडतो, त्याने निवेदन कोणाला द्यायचं? ४५ वर बसलेल्या डॉल्बीला झाकेल अशी गोधडी अजून कोणी शिवलेली नाही. तिथे आवाज बंद करणं हाच उपाय.

म्हणून समितीपुढे दोन सूचना ठेवतो. फेब्रुवारी-मार्च हे दोन महिने विहाराचा कर्णा रात्री नऊनंतर लावू नये, आणि सभागृह नऊ ते बारा अभ्यासासाठी उघडं ठेवावं. चावी सांभाळायला माझं नाव लिहा. रातपाळीच्या आठवड्यात माझा मुलगा येईल. सभागृहातला डाव्या बाजूचा पंखा मात्र खडखडतो, त्याचं बेअरिंग गेलंय. ते बदलायला लागेल, तेवढे पैसे आजच्या दानातून काढावेत.