तीन वर्षांचे रविवार



गणितावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? शाळा सातवीत सुटली. पुढचे गणित कामगारांची पगारपत्रके तपासताना आणि वाचनालयात बसून शिकलो. म्हणून आज एकाच संख्येची हकिकत सांगतो.

६७ वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार करा आणि त्यातून १ वजा करा. उत्तर येते १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. फ्रान्समधील मेर्सेन या विद्वान धर्मगुरूने १६४४ साली लिहिले की, ही संख्या मूळ आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. पुढे २३२ वर्षांनी, १८७६ मध्ये, ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने ती मूळ नसल्याचे दाखवून दिले. गंमत अशी की, अवयव त्यालाही सापडले नव्हते! हिशेब चुकला हे पक्के कळावे, पण चूक कोणत्या ओळीत ते कळू नये, तशातली गत.

१९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी अवयव मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. सांगतात की, त्यांनी फळ्यावर गुणाकार केला आणि एक अक्षर न बोलता ते जागेवर जाऊन बसले. किती वेळ लागला, असे विचारता 'तीन वर्षांचे रविवार' असे उत्तर मिळाले, अशी आख्यायिका आहे.

नुसते भागत बसून हे होत नाही. या संख्येच्या कोणत्याही अवयवाला ६७ च्या दुपटीने, म्हणजे १३४ ने, भागले की बाकी १ च उरते. अशा नियमांनी बाकीच्या संख्या गाळता येतात. आज संगणक हे काम क्षणात करतो. पण ताळा तुम्हीही घरी पाहू शकाल. अंकांच्या बेरजा घ्या: मूळच्या संख्येची १०९, अवयवांच्या ३७ आणि ६४. तिन्हींना ९ ने भागा. बाकी १, १, १. एके एक एक! ताळा जमला म्हणजे सिद्धता झाली असे नव्हे. पण जमला नसता, तर चूक नक्की होती.

मित्रहो, एका गेटसभेत मी थकबाकीचा आकडा ठणकावून सांगितला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी एक वयस्क कामगार कागद घेऊन आला. म्हणाला, "भाऊ, रात्री मांडून पाहिलं. बेरीज जुळत नाही." मला राग आला, पण बेरीज खरोखरच चुकली होती. तो आकडा तसाच मालकापुढे गेला असता, तर आमची खरी मागणीही खोटी ठरली असती.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. ती विश्रांतीसाठी आहेच. पण त्यातला एखादा तास दुसऱ्याने सांगितलेला आकडा स्वतः ताडून पाहण्यासाठी ठेवा. तो आकडा मी सांगितलेला असला, तरीही.