आजी, बाबा आणि मांडवीवरचा पूल

पणजीच्या माणसाला समुद्र कुठे आहे असे विचारले, तर तो मिरामारकडे बोट दाखवून मोकळा होतो. त्याचा खरा संसार मात्र मांडवीशी. ही नदी आमच्या गावाशी येईतो इतकी खारट झालेली असते की तिला नदी म्हणावे की खाडी, हा वाद घालावा तेवढा थोडा. या तीरावर पणजी, पलीकडे बेती. पणजीत आमचे बिऱ्हाड आणि बेतीला माझे आजोळ. मधले अंतर फेरीबोटीने काही मिनिटांचे. पण एवढ्याशा पाण्यावरून माझे बाबा आणि माझी आजी यांच्यात जे शीतयुद्ध चालले, त्याची हकिकत आज सांगणार आहे.

मांडवीवर पहिला पूल झाला तो 1970 साली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. बाबांना त्या पुलाचे विलक्षण वेड. तो जणू त्यांनीच पदरच्या पैशांनी बांधला होता! संध्याकाळी ते मला घेऊन पुलावर जात, या टोकापासून त्या टोकापर्यंत पावले मोजीत आणि दर खेपेस आकडा निराळा आला की दोष माझ्या बडबडीला देत. पुढे त्यांनी स्कूटर घेतली आणि पहिल्याच रविवारी बेतीला जाऊन मोठ्या अदबीने म्हणाले, "मांय, चला, पुलावरून पणजीला नेतो."

आजीने पुलाकडे नुसते पाहिले. "आज आसा, फाल्यां ना," एवढे बोलून तिने पिशवी उचलली आणि ती फेरीच्या धक्क्याकडे चालू लागली. बाबा बिचारे स्कूटरवरून एकटेच परतले.

ही पिशवी म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण होते. तीत कधी आंबाडे, कधी नीरफणस, कधी तिसऱ्या असत. एकदा ती कुर्ल्या घेऊन निघाली होती आणि सोबत मी होतो. फेरी मध्यावर आली आणि एका कुर्लीने नांगीचा दोरा सोडवून घेतला. समोर इस्तरीचे पांढरेशुभ्र कपडे घातलेले एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत होते. कुर्ली त्यांच्या बुटाशी जाऊन थबकली मात्र, ते गृहस्थ वर्तमानपत्रासकट बाकावर उभे! खलाशी हसू लागले, दोन माणसे कुर्लीच्या मागे धावली. आजी शांतपणे उठली, मागच्या बाजूने दोन बोटांत कुर्ली धरली आणि त्या गृहस्थांना म्हणाली, "बसा हो, ती लहान आहे." तिच्या लेखी प्रवास म्हणजे हा असा. पुलावर कोण कोणाशी बोलतो?

अशी सोळा वर्षे गेली. 5 जुलै 1986 या दिवशी तो पूल कोसळला.

आदल्या दिवशी बाबा कामासाठी म्हापशाला गेले होते आणि परत यायचे होते. ते पुलावरूनच येणार, याविषयी कोणाच्याच मनात शंका नव्हती. आमच्या घरी टेलिफोन नव्हता. बातमी कानावर आली तशी आई, अंगावरच्या लुगड्यानिशी, धक्क्याकडे निघाली. मागोमाग मी. जुलैच्या पावसात पलीकडचा तीर धड दिसतही नव्हता. फेरी लागे, फळी खणकन पडे, माणसे उतरत. त्यांत बाबा नसत. आई एक शब्द बोलत नव्हती. मी सत्तावीस वर्षांचा घोडा, तिचा हात धरून उभा होतो. कोणी कोणाला धीर देत होते, ते आजही सांगता यायचे नाही.

किती फेऱ्या आल्या कोण जाणे. मग एका फेरीतून एक जुनी काळी छत्री उतरली. छत्रीखाली आजी आणि तिच्या शेजारी, निम्मे भिजलेले, बाबा. पलीकडच्या धक्क्यावर तीही आमच्यासारखीच, म्हापशाकडून येणारा एकेक माणूस न्याहाळीत उभी राहिली होती. बाबा दिसताच तिने त्यांना पहिला प्रश्न केला तो 'छत्री कुठे?' हा. आता त्यांना आईपुढे उभे करून ती म्हणाली, "घे तुजो घोव." आई तेव्हा कुठे रडली.

त्या रात्री जेवताना आम्ही सारे एका वाक्याची वाट पाहत होतो. सोळा वर्षे जपून ठेवलेले ते वाक्य आजी आता उच्चारणार! अखेर बाबांनाच ते मौन सोसवेना. "मांय, तुमचेच खरे झाले," ते म्हणाले. आजीने त्यांच्या ताटात आणखी पेज वाढली. "पूल काय, दुसरा बांधतील. गरम आहे तोवर जेवा."

पुढची सहा वर्षे सारी पणजी पुन्हा फेरीची झाली. रांगा, घाम, पाऊस, हॉर्न वाजवणारे पोदेर, मासळीच्या पाट्या. कचेरीत उशिरा जाण्याला 'फेरी चुकली' इतके सर्वमान्य कारण त्यानंतर मला मिळालेले नाही. बाबा आता रोज फेरीने जात आणि खलाशांना नावानिशी ओळखत. स्कूटर अंगणात गंजत होती.

नवा पूल 1992 साली झाला. आजी तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. एका सकाळी तिला आणायला बाबा आणि मी बेतीला गेलो, तर ती नवे लुगडे नेसून तयार. "आज पुलावरून जाऊया, बाब," ती म्हणाली.

बाबा चपापले. "कशाला, मांय? फेरी काय वाईट आहे?"

"तुम्हांला आवडतो म्हणून म्हटले."

"छे छे! तुम्हांला फेरी आवडते ना?"

धक्क्यावर उभे राहून दोघे एकमेकांना असा आग्रह करीत होते. तेवढ्यात फेरी सुटली आणि आम्ही तिघे पिशवी घेऊन पुढच्या फेरीची वाट पाहत बसलो.