भुईकाट्यापासून ठसायंत्रापर्यंत: जोडणीची मानके आणि त्यांचा खर्च

छपाईयंत्र, स्कॅनर, वजनकाटा यांसारखी बाह्य उपकरणे ज्या ठरावीक खाचेतून, तारेतून आणि नियमांनुसार संगणकाशी माहितीची देवाणघेवाण करतात, त्या व्यवस्थेला जोडणीचे मानक म्हणतात. लातूर-नांदेडसारख्या सोयाबीनच्या बाजारपेठांत इलेक्ट्रॉनिक भुईकाट्याचे वजन संगणकात उतरवण्यासाठी उपयोगी पडणारे आरएस-२३२ हे मानक १९६० सालचे असून त्यात माहितीचे बिट एकामागून एक जातात. या मानकाचा वेग कमी असला, तरी वजनाच्या मोजक्या आकड्यांना तो पुरतो आणि तार सुमारे १५ मीटर नेता येत असल्याने काटा आवारात व संगणक खोलीत ठेवता येतो.

१९९६ साली यूएसबी हे मानक आले; त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत तार ५ मीटरपुरती मर्यादित असली, तरी तिच्यातूनच ५ व्होल्टचा वीजपुरवठा होतो. त्यामुळे सेवा केंद्रातील बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राला वेगळा अडॅप्टर लागत नाही. १९९५ साली प्रमाणित झालेले, सेकंदाला ४०० मेगाबिट वेगाचे फायरवायर व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी सरस होते. परंतु त्यातील प्रत्येक उपकरणाला अधिक गुंतागुंतीचा नियंत्रक लागत असल्याने ते महाग पडले, तर यूएसबीने नियंत्रणाचा भार मुख्यतः संगणकावर सोपवून उपकरणे स्वस्त केली.

नव्या संगणकांत सहसा आरएस-२३२ची सिरियल खाच नसते; अशा वेळी चालू स्थितीतील काटा बदलण्यापेक्षा यूएसबी-सिरियल रूपांतरक जोडणे किफायतशीर ठरते. यूएसबी-सी हे मात्र जोडाच्या आकाराचे नाव असून वेगाचे नव्हे, म्हणून तार घेताना तिची क्षमता तपासणे इष्ट ठरते.