घर वाढतं, गावही वाढतं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय होता 'माहिती तंत्रज्ञान आणि ग्रामीण विद्यार्थी'. मी विनंती करून तो बदलून घेतला. संगणकावर बोलणारे आता पुष्कळ आहेत, आणि मोबाइल तर इथल्या सातवीतल्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. मला आज एका आर्किटेक्टविषयी बोलायचं आहे. त्याला कारणं दोन. इंजिनिअरिंग संपवून मी नोकरीसाठी ज्या नवी मुंबईत गेले आणि गेली वीस वर्षं जिथं राहते, त्या शहराच्या मुळाशी या माणसाची कल्पना आहे. आणि दुसरं म्हणजे, माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून शाळेला काय बांधून द्यावं, यावर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर चर्चा चालू आहे. सभागृह, कमान, रंगमंच, वाचनालय असं सगळं त्यात येऊन गेलं. बांधण्याआधी काय विचारायचं असतं, हे या माणसाकडून शिकण्यासारखं आहे.

त्यांचं नाव चार्ल्स कोरिया. कुटुंब मूळचं गोव्याचं, जन्म १ सप्टेंबर १९३० चा, सिकंदराबादचा. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकले, मग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ आणि एमआयटी. परत येऊन १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचं काम सुरू केलं. पहिल्याच वर्षांत अहमदाबादला साबरमती आश्रमात गांधीजींचं संग्रहालय बांधायचं काम मिळालं. वय अठ्ठावीसच्या आसपास. परदेशात शिकून आलेल्या तरुणानं गांधीजींसाठी काय बांधावं? त्यांनी सहा मीटर बाय सहा मीटरचे चौकोन घेतले, विटांचे खांब, वर कौलारू छप्पर. काही चौकोन भिंतींचे, काही उघडे, मधे पाण्याचं कुंड. खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा. आणि रचना अशी, की पुढं गरज पडली तर आणखी चौकोन जोडता यावेत. १९६३ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. आजही तिथं गेलं की संग्रहालयापेक्षा आश्रमातच फिरतोय असं वाटतं.

कोरियांचा एक विचार आयुष्यभर टिकला. आपल्या हवेत माणूस चार भिंतींत कमी आणि उघड्यावर जास्त राहतो. त्यामुळं वर आभाळ असलेली जागा ही घरातली खरी खोली आहे, आणि ती सगळ्यात स्वस्त खोली आहे, कारण तिला छप्पर लागत नाही. वेळापूरकरांना हे समजावून सांगायला नको. उन्हाळ्यात आपण माळवदावर झोपायचो. अंगणात पापड वाळायचे, पाहुणे बसायचे, लग्नाचा मांडव पडायचा. गल्लीतला पार म्हणजे म्हाताऱ्या माणसांची बैठकीची खोलीच. गरीब घरात एकच खोली असली तरी अंगण, ओटा आणि पार धरून राहायची जागा मोठी व्हायची. म्हणूनच त्यांचं म्हणणं होतं, की शहरात गरिबाला खुराडं देऊन त्याचं अंगण काढून घेतलं, तर आपण त्याचं अर्धं घर काढून घेतो.

हा विचार त्यांनी सगळीकडे नेला. मुंबईतल्या 'कांचनजंगा' या श्रीमंतांच्या अठ्ठावीस मजली इमारतीत प्रत्येक घराला कोपऱ्यात दोन मजले उंच मोकळी गच्ची आहे. आपल्या वाड्याची पडवीच वर नेऊन ठेवल्यासारखी. पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या 'आयुका'ची वास्तूही कोरियांचीच. तिच्या मधल्या चौकाला 'कुंड' म्हणतात. पणजीची कला अकादमी, भोपाळचं भारत भवन, जयपूरचं जवाहर कला केंद्र, सगळीकडे चौक, पायऱ्या आणि आभाळ. १९८४ मध्ये ब्रिटनच्या आर्किटेक्ट संस्थेचं रॉयल गोल्ड मेडल त्यांना मिळालं. ते मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढं २००६ मध्ये पद्मविभूषण. पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या शहराच्या कामाविषयी.

१९६१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती एक्केचाळीस लाखांच्या पुढं होती, दहा वर्षांनी ती साठ लाखांच्या जवळ गेली. कचेऱ्या दक्षिण टोकाला आणि राहणारी माणसं उत्तरेला, त्यामुळं लोकल सकाळी एका दिशेनं भरून आणि संध्याकाळी दुसऱ्या दिशेनं. १९६४ मध्ये महापालिकेनं विकास आराखड्याचा मसुदा काढून लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या. तिघांनी मिळून सूचना केली : कोरिया, आर्किटेक्ट प्रवीणा मेहता आणि सिव्हिल इंजिनिअर शिरीष पटेल. म्हणणं असं, की मुंबई उत्तरेला ताणत नेऊ नका, खाडीपलीकडं पूर्वेला नवं शहर वसवा, आणि सरकारी कचेऱ्या तिकडं न्या, म्हणजे माणसं आपोआप जातील. 'मार्ग' या मुल्कराज आनंद यांच्या नियतकालिकानं १९६५ मध्ये यावर अंकच काढला.

लक्षात घ्या, या तिघांना कुणी काम दिलेलं नव्हतं. हरकती-सूचनांची नोटीस आपल्या गावातही लागते. ती आपण कधी वाचतो का, हा प्रश्न मी इथं फक्त ठेवते.

पुढं अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनंही खाडीपलीकडच्या वाढीची शिफारस केली. हे तेच गाडगीळ, ज्यांचं नाव प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याशी जोडलेलं आहे, म्हणजे आपल्या ऊसपट्ट्याला ते परके नाहीत. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि कोरिया नव्या शहराचे मुख्य आर्किटेक्ट झाले. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जागा आणि ९५ गावं. एकच अवाढव्य शहर करण्यापेक्षा रेल्वेच्या माळेत ओवलेली छोटी छोटी नगरं करायची, प्रत्येकाला स्वतःची शाळा, बाजार, मैदान, असा तो आराखडा होता. वाशी, नेरूळ, बेलापूर ही त्यातली नगरं.

आता जे झालं नाही तेही सांगितलं पाहिजे. सरकारी कचेऱ्या नेण्याची सूचना ही सगळ्या योजनेचा पाया होती. मंत्रालय मुंबईतच राहिलं, उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून आणखी कचेऱ्या उभ्या राहिल्या. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला, पण लोकल वाशीला पोहोचायला १९९२ साल उजाडलं. घरं आधी आणि गाडी वीस वर्षांनी, मग शहर वाढणार कसं? कोरिया यावर जाहीरपणे, कडक शब्दांत बोलत राहिले. पंच्याहत्तरच्या आसपास ते त्या पदावरून बाजूला झाले.

आणि ज्यांची जमीन गेली ते आगरी-कोळी शेतकरी? भातशेती, मिठागरं, मासेमारी यांवर जगणारी ही गावं. उजनीनं उठवलेली माणसं आपल्या जिल्ह्यात घरोघर ओळखीची आहेत, तेव्हा जमीन जाणं म्हणजे काय हे मी इथं सांगायची गरज नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली तिथं मोठा लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्यातून पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याचं धोरण आलं. मी ज्या रस्त्यावरून रोज ऑफिसला जाते, तो कुणाच्या तरी शेतातून गेला आहे. नकाशा कितीही चांगला असला तरी त्या जमिनीवरच्या माणसाला त्यात आधी जागा द्यावी लागते. ती नंतर दिली तर फार महाग पडते, आणि ती किंमत माणसं मोजतात.

तरीही कोरियांचा विचार पाहायचा असेल तर बेलापूरला या. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी १९८३ ते १९८६ मध्ये बांधलेली वस्ती आहे, आर्टिस्ट व्हिलेज. सुमारे साडेपाच हेक्टरांत साडेपाचशे घरं. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे अर्ध्या ते पाऊण गुंठ्याच्या आतबाहेरचे. सात घरं एका चौकाभोवती. असे तीन चौक मिळून एक मोठा चौक. बसकी, उतरत्या छपरांची घरं, कुठंही बहुमजली इमारत नाही, आणि तरी दाटी बऱ्यापैकी.

त्यातली खरी युक्ती भिंतीत आहे. कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये तुम्हाला खोली वाढवायची तर शेजाऱ्याला विचारावं लागतं. इथं मुलाचं लग्न ठरलं की स्वतःच्या जागेत खोली चढवा, गवंड्याला बोलवा, पैसे येतील तसं बांधा. गरीब आणि मध्यम अशा वेगवेगळ्या कमाईच्या लोकांना दिलेल्या भूखंडांत फरक अगदी थोडा ठेवला, कारण आज कमी कमावणारा उद्याही तेवढंच कमावेल असं धरायचं नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हा रोजचा प्रश्न असतो. आज ग्राहकाला जे हवं ते लिहून देणं सोपं आहे. पाच वर्षांनी त्याला काय लागेल ते आज माहीत नाही, पण ते जोडायला जागा सोडावी लागते. ती सोडली नाही, तर पुढं सगळं पाडून नव्यानं लिहावं लागतं.

आज त्या वस्तीत गेलात तर बरीच मूळ घरं पाडून सिमेंटची तीनमजली घरं झालेली दिसतील. काही जण म्हणतात, कोरियांची वस्ती बिघडली. मला अर्धंच पटतं. घरं बदलली, ती बदलावीत म्हणूनच तशी बांधली होती. पण बहुतेक चौक मोकळे आहेत, तिथं पोरं खेळतात, झाडं मोठी झाली आहेत. घर ज्याचं त्यानं वाढवावं आणि मोकळी जागा सगळ्यांनी राखावी, हा त्यातला करार बऱ्याच अंशी टिकला आहे.

हा करार मुंबईतच मोडला गेला, तोही सांगते, कारण सोलापूरनं गिरण्यांची धुराडी पाहिली आहेत. मुंबईच्या बंद गिरण्यांच्या जमिनीचं काय करायचं यासाठी १९९६ मध्ये राज्य सरकारनं कोरियांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला, असा नियम तेव्हा होता. २००१ मध्ये नियम बदलला, आणि ही वाटणी सगळ्या जमिनीऐवजी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या तुकड्यांपुरती उरली. आज तिथं काय उभं आहे ते लोअर परळला उतरलात की दिसतं. बाग मागून मिळत नाही. बांधून झाल्यावर तर मुळीच नाही.

१६ जून २०१५ रोजी कोरिया मुंबईत गेले. १९८५ मध्ये केंद्र सरकारनं नागरीकरणावर राष्ट्रीय आयोग नेमला होता, त्याचे ते अध्यक्ष होते. १९८८ च्या त्या अहवालाचा एक भर असा, की महानगरांकडंच बघत बसू नका, वाढू पाहणाऱ्या लहान-मध्यम गावांकडं लक्ष द्या. म्हणजे अकलूजकडं, वेळापूरकडं.

आता आपल्याकडं वळते. पालखी मार्ग रुंद झाला, रस्त्याकडेच्या उसाच्या रानात प्लॉट पडले. गुंठ्याचे भाव तुम्ही मला सांगाल. आज या मांडवात प्लॉटिंग करणारे आहेत, ठेकेदार आहेत, पंचायतीत निवडून गेलेले आहेत. तुम्ही सगळे माझ्या शाळेचे आहात, म्हणून हक्कानं बोलते. साधारण एक एकराच्या वरच्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. ती नकाशावर हिरव्या रंगात असते. जागेवर जाऊन बघा, तिथं काय आहे. वाळूचा ढीग, कुणाचा ट्रॅक्टर, नाहीतर वेडी बाभळ. आपल्यातल्या चार-पाच जणांनी मिळून गावातल्या मंजूर ले-आउटमधल्या अशा जागांची यादी करावी. नकाशे मिळवले तर ती संगणकावर मांडून द्यायचं काम माझं. मग दरवर्षी एका जागेला कुंपण, चार कडुनिंब आणि एक पार. खर्च फार नाही.

आषाढीला माउलींची पालखी आपल्याकडं मुक्कामाला येते. एवढा वैष्णवांचा मेळा एका रात्रीत गावात मावतो, तो आपल्या घरांत मावत नाही. पालखीतळ आहे, माळ आहे, देवळाचं आवार आहे, म्हणून मावतो. आधीच्या पिढ्यांनी एवढी जागा मोकळी राहू दिली, हे त्यांचं आपल्यावरचं देणं आहे.

शाळेच्या निधीबद्दल माझं मत एवढंच. सभागृह बांधायचं तर जरूर बांधूया, पण मैदानाच्या कडेला, जुन्या इमारतीला लागून, आणि पाया पुढं दोन मजले पेलेल असा. मैदानाच्या मध्यावर काही नको, आपल्या वर्गाच्या नावाची कोनशिलासुद्धा नको. आमच्या वेळी प्रार्थना, पीटी, स्नेहसंमेलन आणि कबड्डी सगळं त्याच जागेत झालं, आणि उद्याच्या मुलांना तिथं काय करावंसं वाटेल ते आपल्याला आज माहीत नाही.

दुपारच्या बैठकीत हा विषय मतदानाला येणार आहे. त्याआधी सगळ्यांनी एकदा मैदानावर चक्कर मारून यावं, ही विनंती.